चढ म्हणण्याआधी

बाई,

परवा वर्गात एका विद्यार्थिनीनं हात वर केला आणि विचारलं, सर, आकाशात दोन विमानं एकमेकांच्या वाटेवर आली की यंत्र एकाला म्हणतं वर जा, दुसऱ्याला म्हणतं खाली जा, एवढं समजलं. पण ज्याला वर जा म्हणायचं त्याच्यात वर जायची ताकद उरलीय की नाही, हे यंत्राला सांगतं कोण? प्रश्न इतका नेमका होता की मला आधी तिचा राग आला, मग कौतुक वाटलं आणि मग तुमची आठवण झाली. हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल. तुमच्या स्वयंपाकघरात आमच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या रोज संध्याकाळी घडायच्या. मी आता विमानाची दुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेत शिकवतो, तेव्हा उत्तर मला यायलाच हवं होतं, आणि आलंही. पण ते मला ज्या वाटेनं मिळालं ती वाट मी तिला सांगितली नाही, कारण ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून जाते आणि आमच्या अभ्यासक्रमात मंगळवार पेठ नाही. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

नव्वदच्या आसपासची ती वर्षं. मी नववीत आहे, कळंब्याहून सायकल मारत येतोय, आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच मला कळतंय की आज मेथी आहे की वांगी. बाहेरची खोली भाड्यानं दिलेली, त्यामुळे स्वयंपाकघर हीच संस्कृतची पाठशाळा. आम्ही सातआठ जण भिंतीला टेकून सतरंजीवर, आणि तुम्ही कपाळावर विभूतीची रेघ ओढून शेगडीपुढे. शाळेत तुमची मराठी इतकी शुद्ध असायची की शिपाईसुद्धा तुमच्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घ्यायचा. इथं मात्र ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘म्हण की आता, का मुहूर्त बघू?’ फारच रागावलात तर गडहिंग्लजकडचं माहेर बाहेर पडायचं आणि कानडी सुरू व्हायचं. त्या भाषेतलं काही कळत नसल्यानं आम्हाला ते रागावणं सगळ्यात सोसायचं. मला तुम्ही ‘तम्मा’ म्हणायचात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तो शब्द मठ्ठ या अर्थाचा धरून चाललो होतो, आणि तुमच्या सुरावरून ते चुकीचं वाटायला काही कारणही नव्हतं.

आठवड्यातून एकदा तुम्ही शलाका परीक्षा घ्यायचात. जुन्या पाठशाळांमधली रीत: पोथीत डोळे मिटून एक काडी खुपसायची, जे पान उघडेल त्यावरच्या श्लोकापासून विद्यार्थ्यानं सुरुवात करायची आणि न अडता पुढं म्हणत जायचं. परीक्षकाला पक्षपाताचा दोष नको, विद्यार्थ्याला तयारीचं सोंग नको, सगळा कारभार दैवाकडे. तुमच्याकडे पोथीच्या जागी सुभाषितांचं तेलकट पुस्तक होतं आणि काडीच्या जागी स्वेटर विणायची एक हिरवी सुई. तिची जोडीदारीण हरवली होती, तेव्हापासून ती विणकामातून निवृत्त होऊन संस्कृतच्या सेवेत आली होती. तुम्ही डोळे मिटायचात, सुई आत जायची, पुस्तक उघडायचं, आणि ज्याचा नंबर असेल त्याला तिथून सुरू व्हावं लागायचं.

त्या सुईची धास्ती मला सगळ्यांपेक्षा जास्त. मी अडखळत बोलायचो, अजून बोलतो. प, ब आणि क ही अक्षरं शब्दाच्या तोंडाशी आली की दार आतून कडी लावल्यासारखं बंद होतं. घरच्यांचं म्हणणं होतं की विहारात पाली शिकवतात तर तिथं जा. मी संस्कृत घेतलं ते केवळ चालीसाठी. श्लोक चालीत म्हणताना मी अडत नव्हतो. एकदा सुरू झालो की मला थांबवणं ही इतरांची अडचण असायची. सुरू होणं ही माझी. आणि ज्या बाईंमुळे मी चारचौघांत तोंड उघडायला शिकलो त्यांना हाक मारायचा शब्दच ‘ब’नं सुरू होत होता. म्हणून मी आधी थोडं पळत येऊन उडी मारावी तसं ‘अहो बाई’ म्हणायचो. पोरं हसायची, की बायकोनं नवऱ्याला हाक मारावी तशी हा बाईंना मारतोय. तुम्ही कधी हसला नाहीत. गंभीरपणे ‘ओ’ द्यायचात, ते मात्र नवऱ्यासारखंच.

एक दिवस तुम्ही डब्यातलं पीठ काढायला उठलात आणि पुस्तक माझ्यापुढं उघडं राहिलं. समासात काही श्लोकांपाशी पेन्सिलीची बारीक टिंबं होती. मी पानं चाळली. माझ्या वाट्याला आजवर आलेला प्रत्येक श्लोक टिंबाचा होता, आणि टिंब नसलेला एकही श्लोक माझ्यावर कधी आला नव्हता. म्हणजे तुमचे डोळे पुरते मिटलेले नसायचे आणि दैव तुमच्या अंगठ्यात राहत होतं. मी याचा सरळ अर्थ लावला: टिंबाचे श्लोक सोपे, आणि ते माझ्यासाठी बाजूला काढलेले. जेवणात आजाऱ्याला मऊ भात वेगळा वाढतात तसे.

त्याच महिन्यात सांगलीच्या शलाका स्पर्धेसाठी शाळेतून एकाला पाठवायचं ठरलं. पुस्तक मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं, उलटंसुद्धा. तुम्ही नाव घेतलंत ते पेठ वडगावहून एसटीनं येणाऱ्या मुलीचं. हुशार होती, पण तिला शेवटची वीस पानं धड येत नव्हती. तिच्या वडिलांचं वडगावात भुसाराचं दुकान होतं आणि तिच्याही घरी सगळे तुमच्यासारखीच विभूती लावायचे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन मी तुमच्यापुढं उभा राहिलो आणि बोलायला लागलो. ‘अहो बाई, तुम्ही मला मुद्दाम सोपे श्लोक देता आणि पाठवायची वेळ आली की दुसऱ्याला पाठवता’, एवढंच वाक्य. ते पुरं करायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तव्यावर भाकरी होती. ती फुगली, मग बसली, मग कडेनं काळी पडली आणि तिचा धूर निघायला लागला. तुम्ही तिच्याकडं वळला नाहीत. माझं शेवटचं क्रियापद बाहेर पडेपर्यंत तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. हे मी आज लिहितोय. त्या वेळी मला भाकरी दिसलीच नव्हती, फक्त बाई गप्प आहेत एवढं दिसलं होतं.

मग तुम्ही तवा उतरवलात आणि म्हणालात, “तम्मा, तुला चढ म्हणायला माझं काय जातंय? मी म्हटलं की तू चढणारच. त्याचंच भ्या हाय. तिथं काडी परक्याच्या हातात असणार. मधीच अडलास तर खाली उतरवून घ्यायला मी न्हाय तिथं.”

मी म्हणालो, म्हणजे मला जमणार नाही असं तुम्हाला वाटतं.

“मला वाटतंय काय ते इचारू नगोस. मला म्हाईत हाय ते सांगितलं. पुढच्या साली तूच जायचास.”

पुढच्या साली मी तुमच्याकडे आलोच नाही. घरी वडिलांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, “त्यांनी त्यांच्यातली पोरगी धाडली. ह्यात नवीन काय हाय?” वडिलांच्या आयुष्यात हा अर्थ इतक्या वेळा खरा ठरला होता की त्यांना दोष देता येत नाही. दोष माझा, कारण मी तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखत होतो आणि तरी तो अर्थ तपासून न बघता उचलला. मला तो बरा पडत होता. आपली जीभ अडते, यापेक्षा बाईंचं मन आखूड आहे, हे उराशी धरून झोपायला सोपं जातं. मी ते दहाएक वर्षं धरून झोपलो. शाळेच्या जिन्यात तुम्ही समोरून आलात की मी ग्रंथालयात शिरायचो; ग्रंथपालांना वाटायचं पोरगं वाचनवेडं आहे.

मग डिप्लोमा आणि मग मुंबईच्या विमानतळावर एका कंपनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये, नोकरी. वाणी कमी आणि वायरी जास्त असं काम, मला मानवलं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा बसवणं सक्तीचं झालं. टीकॅस म्हणतात तिला; दिसायला तुमच्या गोडेतेलाच्या डब्याएवढी पेटी. तुम्ही विमानात कधी बसला नाहीत, आणि एसटीत पुढच्या बाकावर बसून ड्रायव्हरला सूचना द्यायची तुमची सवय पाहता ते बरंच झालं. पण ही पेटी तुम्हाला आवडली असती. ती आजूबाजूच्या विमानांना सारखं विचारत राहते, तू कुठं आहेस, किती उंचीवर आहेस. कुणी वाटेत येतोय असं दिसलं की आधी नुसतं सावध करते. टक्कर पंचवीस-तीस सेकंदांवर आली की थेट आज्ञा सोडते: क्लाइंब, क्लाइंब. त्याच क्षणी समोरच्या विमानातल्या पेटीशी तिचं ठरतं, की मी वर म्हणतेय, तू खाली म्हण. आणि वैमानिक पाच सेकंदांत ऐकायला लागेल असं ती धरून चालते. वाद नाही, शंकासमाधान नाही.

आता यातली मेख अशी, की पेटीला गणित येतं, पण ती ज्या विमानात बसलीय ते विमान तिला माहीत नसतं. फार उंचावर हवा विरळ होते. तिथं भरलेलं विमान आधीच जेमतेम तग धरून असतं. त्याला चढ म्हटलं तर आज्ञाधारकपणे नाक वर करेल, होता तो वेग घालवून बसेल, आणि ज्याला चुकवायचं त्याच्याच दिशेनं खाली ढासळेल. उतरायच्या तयारीत पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या झडपा, खाली सोडलेले असले तरी तीच गत. म्हणून पेटीला मागच्या बाजूनं आधीच सांगून ठेवावं लागतं. तिथं बारीक पिनांची रांग असते. कुठली पिन तारेनं जोडायची आणि कुठली मोकळी ठेवायची, यावरून पेटीला समजतं: अमुक उंचीच्या वर याला चढ म्हणायचं नाही; फ्लॅप इतके खाली असले की चढ म्हणायचं नाही. जमिनीजवळ आलं की उंची मोजणारं दुसरं यंत्र तिला कळवतं, मग ती खाली जा म्हणणंही सोडते. चढ म्हणता येत नसेल तेव्हा ती गप्प बसत नाही. उतर म्हणते, किंवा आहेस तिथंच राहा म्हणते, आणि समोरच्या पेटीला कळवते, म्हणजे चढायचं काम ज्याला जमेल तो करतो. शिवाय ही मर्यादा विमानाच्या चांगल्या दिवसाची धरत नाहीत, वाईट दिवसाची धरतात. हलकं असेल तर ते विमान आणखी चढलंही असतं. पण आज्ञा देणाऱ्यानं त्या ‘चढलंही असतं’वर माणसं बसवायची नसतात.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: यंत्राला सांगतो तो ते बसवणारा माणूस. आणि तो माणूस चुकतो, हे मी वर्गात सांगितलं. तो मीच होतो, हे नाही. एका आठवड्यात मी एका मोठ्या जेट विमानावर पेटी बसवली आणि पुढच्या आठवड्यात एका छोट्या, पंख्यांच्या विमानावर. हातांना पाठांतर झालं होतं. तारांच्या जोडणीचा नकाशा समोर उघडा असताना हातांनी मागच्या आठवड्याचंच म्हटलं. म्हणजे त्या छोट्या विमानाच्या पेटीला मी सांगून बसलो की हे कितीही उंचीवर चढू शकतं. बाहेर टपरीवर चहा घेताना, बशीत चहा ओतता ओतता, मला माझेच हात काय करत होते ते आठवलं. वळून पाहिलं तर विमान ओढून बाहेर काढत होते.

मी पळत आमच्या तपासनीस साहेबांकडे गेलो. साहेब नागपूरचे, हातात कागद आणि पेन, सहीच्या बेतात. मला म्हणायचं होतं ‘पिन’. झाला कारभार. ओठ मिटले ते मिटलेच. साहेबांना वाटलं घशात बिस्कीट अडकलं. त्यांनी पाठीत दोन गुद्दे घातले आणि पाणी मागवलं. ट्रॅक्टर विमानाला ओढत होता. आणि मग, बाई, तुमच्या स्वयंपाकघरातला आवाज माझ्या तोंडातून निघाला. मी अनुष्टुभाच्या चालीवर, खणखणीत, सगळ्या हँगरला ऐकू जाईल असं म्हणालो: “विमान थांबवा आधी, तार एक चुकीची हो.” दुसऱ्या चरणात सातवं अक्षर लघु हवं होतं, ते गुरू आलं, तुम्ही विमान राहू दे म्हणून आधी ते दुरुस्त करायला लावलं असतंत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “गाणं मागाहून ऐकतो बे. आधी तार दाखव.” विमान थांबलं. तार बदलली. चूक मी स्वतःच्या अक्षरात नोंदवली आणि त्याबद्दल मला कंपनीचं एक कडक पत्रही आलं. ते मी जपून ठेवलंय. माझ्या छंदोबद्ध रचनेची तेवढीच लेखी दखल आहे.

त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मी ते टिंबांचे श्लोक एकामागून एक मनात म्हणून पाहिले. ते सोपे नव्हते. त्यातले दोनतीन तर त्या पुस्तकातले सगळ्यात लांब वृत्तातले होते. पण सुरुवात बघावी तर अ, उ, न, य, स, वि. प नाही, ब नाही, क नाही. तुम्ही माझ्यासाठी मऊ भात वेगळा काढला नव्हता. जिथून मला सुरू होता येईल तिथं सुई घालत होतात, आणि पुढची चढण कितीही उभी असली तरी ती मला चढायला लावत होतात. आणि शेवटच्या महिन्यात एक टिंब ‘क’च्या श्लोकापाशीही पडलं होतं. तो तुम्ही मला विचारलात तेव्हा नेमकी तुमची पळी पातेल्याच्या काठावर आपटली, ठणकन, आणि त्या ठेक्यावर माझा ‘क’ सुटला. मी तो योगायोग समजलो होतो. तुमच्या घरी योगायोग कसे घडवतात हे ठाऊक असूनही.

मग मी एका वर्गमित्राकडून तुमचा फोन नंबर मिळवला. पहिल्यांदा केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “कोण? कोण हाय? बोला की पावणं.” मी ‘अहो’पर्यंतही पोचलो नाही, ठेवून दिला. आठवड्यानं पुन्हा केला. तुम्ही म्हणालात, “पावणं, तोंड धुऊन येता काय? मी हाय हितंच.” तेव्हाही ठेवला. तिसऱ्यांदा तुम्ही कोण म्हणून विचारलंच नाहीत. मग तुम्ही सावकाश, चालीत, त्या ‘क’च्या श्लोकाचा पहिला चरण म्हटलात, आणि थांबलात. पुढचा चरण मी म्हणायचा होता. पेटी वैमानिकाला पाच सेकंद देते. तुम्ही कितीतरी जास्त दिलेत. मागं कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तुम्ही उठला नाहीत. मी फोन ठेवला.

चारेक महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं. कोल्हापूरला आलो तेव्हा ती वडगावची मुलगी मला भेटायला आली. ती आता तिकडच्याच एका शाळेत संस्कृत शिकवते. तिनं मला ते तेलकट पुस्तक आणि हिरवी सुई दिली, बाईंनी तुझ्यासाठी ठेवलंय म्हणाली. सांगलीला ती तिसऱ्याच श्लोकाला अडली होती आणि मंचावरच रडली होती, हे तिनं मला इतक्या वर्षांनी सांगितलं. बाईंनी तिला एसटी स्टँडवर उसाचा रस पाजला आणि येताना वाटभर तो श्लोक तिच्याकडून म्हणून घेतला. मी तिला तुमचं ते वाक्य सांगितलं. “उतरवून घ्यायला बाई होत्या की,” ती म्हणाली. मला कळेना, मग ‘मी न्हाय तिथं’ असं तुम्ही मला का सांगितलं होतंत. मग ती म्हणाली, त्या दिवशी परीक्षकांनी बाईंना मंचाच्या पायरीपर्यंतच येऊ दिलं होतं. रडणाऱ्या मुलीला पायरीवरून हात देता येतो. अडलेल्या अक्षराला तिथून पळी आपटता येत नाही.

आणि जाता जाता तिनं सांगितलं, की शेवटी शेवटी बाई संध्याकाळी फोनजवळ खुर्ची ओढून बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, माझा एक पावणा हाय, येतोय, पर बोलत न्हाय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि तिथं ते दिलं तर मला नवीन सिम घ्यावं लागेल. सुई आहे त्या पानातच घडी करून ठेवतो. फक्त एक राहिलं. त्या तिसऱ्या फोनबद्दल इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जीभ अडली. पण तुम्ही दिलेला तो चरण संपल्यावर पुढचा ‘अ’नं सुरू होतो, तुम्ही काडी पुन्हा माझ्याच पानात घातली होती. घसा मोकळा होता, चरण ओठावर होता. सगळं समजून चुकल्यावरही मला वाटत होतं, की आधी तुम्ही म्हणावं, तू त्या साली सांगलीला गेला असतास तरी चाललं असतं. अडलो नव्हतो, बाई. रुसलो होतो.